पगार तिचा, ओटीपी त्याचा
(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स)

माझी ताई वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात नोकरी करते. दर महिन्याच्या सात तारखेला तिचा पगार बँकेत जमा होतो. मी फर्स्ट इयरला हॉस्टेलवर आलो, तेव्हापासून दर दोन-तीन रविवारी बाबा पेट्रोल पंपावरून शेअर रिक्षा पकडून बजाजनगरला तिच्याकडे जेवायला जायचो. तिच्या फ्रिजला एक छोटी वही दोऱ्याने लटकवलेली असायची. 'कोथिंबीर १०, रिक्षा ४०, दूध ३२, पेन ५' असं त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं. रोज रात्री दाजी ती वही बघायचे आणि सकाळी दिलेल्या पैशातून उरलेले परत घ्यायचे. मला त्याचं भारी कौतुक वाटायचं. हॉस्टेलवर येऊन मी मित्रांना सांगायचो, आमचे दाजी म्हणजे हिशेबाला एकदम पक्के, नाहीतर आपण, पंधरा तारखेलाच खिसा रिकामा!

त्या वहीत दाजींचा खर्च कधीच लिहिलेला नसायचा, हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली.

झालं असं, की एका दिवाळीत ताईने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, "माझ्या मोबाइलचं रिचार्ज मारतोस का रे? पुढच्या महिन्यात देते." महिन्याला अठ्ठावीस हजार कमावणारी बाई कॉलेजात शिकणाऱ्या भावाकडे रिचार्ज मागते? मी हसण्यावारी नेलं, रिचार्ज मारलं, विषय संपला. मग फेब्रुवारीत तिच्या कंपनीत वसुलीवाल्यांचा फोन आला. तिच्या नावावर तीन लाखांचं पर्सनल लोन होतं आणि दोन हप्ते थकले होते. ताईला या कर्जाचा पत्ताच नव्हता! बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर लग्नानंतर 'सोयीसाठी' दाजींच्या फोनमध्ये गेला होता. अर्ज त्यांच्या फोनवरून झाला, ओटीपी त्यांच्याच फोनवर आला, पैसे तिच्या खात्यात जमा झाले आणि त्याच दिवशी तिथून निघूनही गेले.

हा लेख लिहावा की नाही यावर मी बराच विचार केला. शेवटी ताईलाच विचारलं. ती म्हणाली, "लिही, पण नाव-गाव टाकू नको. आणि मी बिचारी आहे असं तर मुळीच लिहू नको." तेव्हा ताईची कहाणी इथे गरजेपुरतीच आहे. मला सांगायचंय ते वेगळंच. या प्रकाराला एक नाव आहे आणि आपल्या देशाच्या कायद्यात ते नाव २००५ पासून लिहिलेलं आहे. मला ते माहीत नव्हतं. हॉस्टेलच्या आमच्या विंगमध्ये मी सहज विचारून पाहिलं, तर कोणालाच माहीत नव्हतं.

ते नाव म्हणजे 'आर्थिक छळ'. 'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५' हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात हिंसाचाराचे चार प्रकार सांगितले आहेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक. चौथ्या प्रकारात काय काय येतं? कायद्याने किंवा रूढीने बाईला मिळायला हवा तो पैसा न देणं, घरखर्चाला, मुलांना पैसे न देणं, भाड्याच्या घराचं भाडं न भरणं, तिचं स्त्रीधन किंवा घरातल्या वस्तू परस्पर विकणं, राहत्या घराचा वापर करू न देणं. कायद्याखालच्या २००६ च्या नियमांत तक्रार नोंदवायचा जो छापील नमुना आहे, त्यात याहून सोप्या शब्दांत विचारलेलं आहे. पगार जबरदस्तीने काढून घेतात का? नोकरी करू देत नाहीत का? दागिने न सांगता गहाण टाकले का? लाइटबिल भरत नाहीत का? तो नमुना वाचताना ताई मध्येच थांबली आणि म्हणाली, "अरे, हे कोणी तरी माझ्या घरी येऊन लिहिलंय का?"

इंग्लंडच्या कायद्यात 'आर्थिक छळ' या शब्दांची व्याख्या आली ती २०२१ च्या कायद्यात. म्हणजे या बाबतीत आपण त्यांच्या सोळा वर्षं पुढे होतो. कागदावर तरी!

आता एक प्रश्न हमखास येतो, आणि मलाही पडला होता. बहुतेक घरांत पैसे एकाच्याच हातात असतात. आमच्याही घरी बाबांच्या हातात आहेत. आई भाजीला पैसे मागते, बाबा देतात. मग काय आमच्या घरी पण छळ चालू आहे? या प्रश्नाने मी दोन दिवस अस्वस्थ होतो. शेवटी माझ्यापुरतं उत्तर मला असं सापडलं, की पैसे कोणाच्या हातात आहेत याने काही ठरत नाही. दुसऱ्याला विचारता येतं का, बघता येतं का आणि 'नाही' म्हणता येतं का, याने ठरतं. आईने बाबांना "तुमच्या खात्यात किती आहेत हो?" असं विचारलं, तर बाबा पासबुक तिच्यापुढे टाकतात. वर दोन शब्द ऐकवतात, ते सोडा. ताईने दाजींना हेच विचारलं, त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही आणि पुढचे चार दिवस तिला रिक्षाचे पैसे मिळाले नाहीत. ती कंपनीच्या बसथांब्यापर्यंत चालत गेली. काटकसरीच्या घरात दोघंही पोटाला चिमटा घेतात. छळाच्या घरात हिशेब एकानेच द्यायचा असतो आणि शिक्षाही त्याच एकाला असते. (आईला मात्र मी स्वतःचं खातं उघडायला लावलंच. बाबा म्हणाले, "पोरगं इंजिनिअर व्हायच्या आधीच ऑडिटर झालं.")

हे सगळं मी माझ्या रूममेटला सांगत होतो. तो बीड जिल्ह्यातला, आई-वडील ऊसतोडीला जातात. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "तुझ्या ताईला पगार तरी आहे. आमच्याकडं आईला पगारच नसतो, पगार कोयत्याला असतो." मला कळेना. मग त्याने समजावलं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. हंगामाआधी मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे, आणि ती जाते नवऱ्याच्या हातात. बाई पहाटे उठून भाकऱ्या करते, दिवसभर ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. तिच्या कामाचा वेगळा रुपया कुठे लिहिलेलाच नसतो. उचल कुठे खर्च झाली हे तिला माहीत नसतं, पण ती फेडायला मात्र तिला फडात जावंच लागतं. तिच्या नवऱ्याने एक शब्द वाईट बोलला नाही, तरी ही रीतच अशी आहे. त्यावर मी काय बोलणार? मी गप्प बसलो.

जमिनीचंही तेच. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं आणि पुढे 'लक्ष्मीमुक्ती' नावाचा कार्यक्रम घेतला. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा एक तुकडा बायकोच्या नावावर करून द्यायचा. कोणाला ते प्रतीकात्मक वाटेल, पण सातबारा हा काही नुसता कागद नसतो. ज्याचं नाव सातबाऱ्यावर त्याला सोसायटीचं कर्ज, त्यालाच नुकसानभरपाई. ज्याचं नाव नाही, त्याला 'विचारून सांगते' म्हणावं लागतं.

बँक खात्यांच्या बाबतीत आकडे बरे दिसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ साली देशातल्या ५३ टक्के स्त्रियांनी आपण स्वतः वापरतो असं बँक खातं असल्याचं सांगितलं होतं. २०१९-२१ च्या फेरीत तेच प्रमाण ७८.६ टक्के झालं. आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्या सर्वेक्षणाने ताईला विचारलं असतं, तर तीसुद्धा 'हो' म्हणाली असती ना! खातं तिचं, कार्ड तिच्या पर्समध्ये, आणि नंबर दुसऱ्याच्या फोनमध्ये. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे दीड हजार आमच्या गावात यायला लागले, तेव्हा पैसे आल्याचा मेसेज कोणाच्या मोबाइलवर येतो हे मी सुट्टीत मुद्दाम बघितलं. आमच्या गल्लीतल्या तीन काकूंपैकी दोघींचा मेसेज काकांच्या मोबाइलवर येत होता.

आपण इलेक्ट्रॉनिक्सवाले, तेव्हा याचा तांत्रिक भाग जरा नीट बघू. आज बँकेची खरी किल्ली म्हणजे पासबुक नाही, कार्ड नाही, सहीसुद्धा नाही. नोंदवलेला मोबाइल नंबर हीच किल्ली. तो नंबर ज्याच्या हातात, त्याला पासवर्ड बदलता येतो, यूपीआय सुरू करता येतं, मुदत ठेव मोडता येते, कर्जाचा अर्ज करता येतो, पीएफसुद्धा काढता येतो. खरा मालक मात्र बाहेरच राहतो. आपण सिक्युरिटीच्या तासाला 'हल्लेखोर' म्हणून कोणी तरी लांबचा, हुडी घातलेला माणूस डोळ्यांपुढे आणतो. इथे हल्लेखोर शेजारच्या उशीवर झोपलेला असतो. त्याला तुमची जन्मतारीख, आईचं माहेरचं नाव, पहिल्या शाळेचं नाव सगळं माहीत असतं. फिंगरप्रिंट लॉक असेल तर झोपेत अंगठासुद्धा लावून घेता येतो. अशा वेळी सगळी व्यवस्थाच फसते.

आणि ओटीपी स्वखुशीने दिला असेल तर? रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक सांगतं, की ग्राहकाने स्वतः पिन-पासवर्ड दुसऱ्याला दिल्याने नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे होईल ते बँकेचं. तेव्हा 'घरचाच माणूस आहे' म्हणून गप्प बसलं, की दर दिवसाचा भुर्दंड आपल्यावर. लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमाखाली गुन्हा आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. ती वापरणारा नवरा असेल तर माफ, असं त्या कलमात कुठेही लिहिलेलं नाही.

कर्जाचं एक सोपं काम तर आजच करता येईल. आपल्या नावावर कुठे कुठे कर्ज आहे याचा अहवाल सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा फुकट द्यावा लागतो. ताईने तो काढला तेव्हा पर्सनल लोनच्या खाली मोटारसायकलचं एक कर्ज दिसलं. त्यात ती सहकर्जदार होती. सही तिचीच होती. लग्नानंतर पंधरा दिवसांत "इथे इथे सही कर" म्हणून घेतलेली. जामीनदाराचंही असंच. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्याचं १२८ वं कलम सांगतं, की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या एज्युकेशन लोनला वडिलांनी सही केलीय, त्यांना विचारा ते किती वेळा वाचून केली. आणि सही करून ठेवलेले कोरे चेक कोणाच्याही ताब्यात देऊ नका. चेक वटला नाही, की केस सही करणाऱ्यावर होते.

पैसे काढून घेणं, कर्ज डोक्यावर मारणं हे तरी कागदावर दिसतं. तिसरा प्रकार कागदावरही दिसत नाही. कमावण्याची वाटच अडवायची. इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री भांडण काढायचं. गाडीची किल्ली 'चुकून' घेऊन जायची. कंपनीत दिवसातून दहा फोन करायचे, म्हणजे साहेबच कंटाळेल. "पुण्याला जॉइन झालीस तर आपलं संपलं समज." हे वाक्य मी नवऱ्याच्या तोंडून ऐकलेलं नाही, प्लेसमेंटच्या आठवड्यात आपल्याच कँटीनच्या मागे ऐकलंय. बोलणारा आमच्याच बॅचचा होता आणि त्याच्या मित्रांना ते प्रेम वाटत होतं.

तेव्हा हा विषय लग्न झालेल्यांचा आहे असं समजून कोणी पान उलटू नये. आपल्या कॅम्पसवर काय चालतं? महाडीबीटीची शिष्यवृत्ती जमा झाली, की तिचं कार्ड त्याच्याकडे. त्याचा फोन तिच्या नावावर ईएमआयने. 'पुढच्या महिन्यात देतो' असं सलग सहा महिने. मागितले तर "तू पैशाचा विचार करतेस म्हणजे तुझं प्रेमच नाही." उलटंही असतं. आमच्या मजल्यावरच्या एकाने मैत्रिणीच्या क्लासची फी भरण्यासाठी घरून आलेली मेसची रक्कम दिली, आणि तो दोन महिने वडापाववर होता. नाही म्हणायची त्याची हिंमत नव्हती, कारण प्रत्येक वेळी ती हॉस्टेलच्या ग्रुपवर त्याचे मेसेज टाकायची धमकी द्यायची. उसने देण्यात काही चूक नाही, उसनवारीवरच तर हॉस्टेल चालतं! पण नाही म्हटल्यावर काय होतं ते बघा. चिडला, रुसला, दुसऱ्या दिवशी चहा प्यायला आला, तर ठीक. धमकी आली, बदनामी आली, तर ते उसने नव्हेत. त्याला कायद्यात खंडणी म्हणतात.

२००५ च्या कायद्याचा आधार मात्र नुसत्या मैत्रीला मिळत नाही. तो लग्नाच्या, रक्ताच्या नात्यातल्या आणि लग्नासारख्या सहजीवनातल्या बाईसाठी आहे. 'लग्नासारखं' म्हणजे काय, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० आणि २०१३ च्या निकालांत सांगितलंय: एकत्र घर, बराच काळ, समाजात जोडपं म्हणून वावर. मुलांना या कायद्याखाली अर्ज करता येत नाही, पण फसवणूक, खंडणी, सायबर गुन्हा या तक्रारी कोणालाही करता येतात.

आता ताईच्या बाबतीत आम्ही काय केलं ते सांगतो. आधी चुका. पहिली चूक माझीच. मी रागाच्या भरात दाजींना फोन केला. परिणाम असा, की दुसऱ्याच दिवशी ताईचे पगाराचे कागद असलेली फाइल घरातून गायब. दुसरी चूक वडीलधाऱ्यांची. त्यांनी समजुतीची बैठक बोलावली. चहा झाला, पोहे झाले आणि ठराव काय झाला? "नवरा-बायकोत हिशेब कसला?" हे वाक्य आमच्या बाबांनीसुद्धा म्हटलं. ताईने मान खाली घालून एवढंच विचारलं, "मग वही कशाला ठेवली होती?" त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं.

त्यानंतर तिने स्वतःच सूत्रं हातात घेतली. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्या बरोबरीने स्त्रियांसाठी समुपदेशनाचा विशेष कक्ष सुरू केला आणि नंतर तसे कक्ष महाराष्ट्रात पसरले, हे मी पुढे वाचलं. ताईला एका मैत्रिणीने इथल्या अशाच एका समुपदेशक बाईंकडे नेलं. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती म्हणजे घाई करू नका, आणि आधी कळवू तर मुळीच नका. ज्या दिवशी पैशाचा नळ बंद होतो, त्या दिवशी समोरचा माणूस सर्वांत जास्त चिडतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. ताईने आधी नवीन सिम घेतलं, ते कंपनीच्या लॉकरमध्ये ठेवलं. वेगळ्या बँकेत, वेगळ्या नंबरवर खातं उघडलं, पत्रव्यवहाराचा पत्ता आमच्या घरचा दिला. नवीन ई-मेल काढून त्यावर जुन्या खात्याची स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, दागिन्यांच्या पावत्या आणि दागिने अंगावर असलेले लग्नातले फोटो पाठवून ठेवले. जाण्याची जागा ठरवली. हे सगळं झाल्यावर मगच एचआरला पगाराचं खातं बदलण्याचा अर्ज दिला, आणि त्याच दिवशी जुन्या बँकेत जाऊन नंबर बदलला, कार्ड बंद केलं, यूपीआय काढून टाकलं. त्या रात्री ती बजाजनगरला गेली नाही.

ज्यांचं खातं जोडीने असतं त्यांनी एक बघावं. 'दोघांपैकी कोणीही' असं लिहिलेलं असेल, तर एक जण सगळे पैसे काढू शकतो आणि बँक काहीच म्हणणार नाही. वाद असेल तर बँकेला लेखी कळवून व्यवहार थांबवायची विनंती करता येते.

कायद्याची पायरी त्यानंतरची. प्रत्येक जिल्ह्यात महिला व बालविकास खात्याचे संरक्षण अधिकारी असतात. ते घरगुती घटनेचा अहवाल तयार करून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे देतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण देतं, आणि बाईच्या बाबतीत उत्पन्नाची अटच नाही. कमावत्या बाईलासुद्धा ही मदत मोफत आहे. अर्ज ती जिथे तात्पुरती राहते किंवा नोकरी करते तिथेही करता येतो, म्हणजे सासर परभणीला आणि नोकरी वाळूजला असली तरी इथे चालतं. आणि या अर्जाचा अर्थ घटस्फोट नव्हे. त्याच घरात राहून हा अर्ज करता येतो, घरात राहण्याचा हक्क कायद्यानेच दिलाय.

न्यायालय काय करू शकतं? खाती आणि लॉकर वापरायला मनाई, स्त्रीधन परत द्यायचा आदेश, घरखर्च, बुडालेल्या कमाईची भरपाई. तातडी असेल तर समोरच्याचं ऐकण्याआधीच अंतरिम आदेश. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्त्रीधन नवऱ्याच्या कपाटात असलं तरी ते बायकोचंच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितलंय. मेहेरचंही तसंच, ती बायकोचीच रक्कम. नोकरीचा पगार? हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६, कलम १४ वाचा. बाईने स्वतःच्या कौशल्याने किंवा कष्टाने मिळवलेल्या मालमत्तेची ती पूर्ण मालक.

आपल्या मराठवाड्या-विदर्भातून वर गेलेले दोन निकाल मला विशेष वाटले. एक औरंगाबाद खंडपीठातून गेलेला, २०१३ चा. पहिलं लग्न लपवून एकाने दुसरं लग्न केलं आणि पोटगी मागितल्यावर 'तू माझी कायदेशीर बायकोच नाहीस' असा पवित्रा घेतला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की स्वतः केलेल्या फसवणुकीचा फायदा तुला घेता येणार नाही, पोटगी दे. दुसरा नागपूरहून गेलेला, रजनेश विरुद्ध नेहा, ४ नोव्हेंबर २०२०. अंतरिम पोटगीचा वाद २०१३ पासून रेंगाळलेला. पोटगीच्या केसमध्ये उत्पन्न लपवण्याची खोड इतकी जुनी, की न्यायालयाने एक नमुनाच ठरवून दिला. आता दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खाती प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायची. पोटगीही अर्जाच्या तारखेपासून. त्या प्रतिज्ञापत्रात दाजींना त्यांच्या खर्चाचे आकडे लिहावे लागले. तीन वर्षांत पहिल्यांदा वही दुसऱ्या बाजूने भरली गेली!

कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत करण्याचा प्रयत्न व्हावा. ताईची पहिली तारीख एकोणीस दिवसांनी पडली आणि साठ दिवस कधीच उलटून गेले. अंतरिम आदेश मिळाला. दागिन्यांपैकी पाटल्या परत आल्या, गंठण अजून एका पतसंस्थेत गहाण आहे. कर्जाबद्दलची सायबर तक्रार वेगळी चालू आहे, आणि तोवर सिबिल खराब ते खराबच. सगळं छान झालं असं मी लिहिणार नाही.

एखादी मैत्रीण किंवा मित्र असं काही सांगायला आला, तर "मग सोडून का देत नाहीस?" हा प्रश्न विचारू नका. ताईला तो प्रश्न सतरा जणांनी विचारला. त्यातल्या एकानेही सोबत बँकेत यायची तयारी दाखवली नाही. तिच्या कामी आली ती ऑफिसमधली एक मैत्रीण. तिने फक्त "कागद माझ्या ड्रॉवरमध्ये ठेव" एवढंच म्हटलं. वॉर्डन मॅडम आणि सरांनाही एक विनंती. एखाद्या मुलीची फी वेळेवर आली नाही, तर नोटीस लावण्याआधी एकदा एकटीला बोलावून विचारा, पैसे घरून आले होते का आणि आले असतील तर गेले कुठे.

फोन नंबर लिहून ठेवा. महिलांसाठी १८१, तातडीला ११२, मोफत वकिलासाठी १५१००, पैशाच्या सायबर फसवणुकीसाठी १९३०. ताईच्या अर्जासाठी आम्ही केलेली कागदपत्रांची यादी माझ्याकडे आहे. कोणाला हवी असेल तर रात्रीच्या जेवणाला मेसमध्ये मला गाठा, मी शेवटच्या टेबलावर असतो. कशासाठी हवी ते विचारणार नाही.